पाय आले का?

सयाजीगंजच्या कॉलेजातून हरणीला घरी येईपर्यंत माझा जीव अर्धा व्हायचा, आणि त्यात तो मासिकाचा प्रोजेक्ट. मासिक आपणच बनवायचं, फोटो आपणच काढायचे आणि प्रत्येक फोटोखाली कोणता शॉट, कोणता अँगल, का निवडला, हेही लिहायचं. घरबसल्या काम करणाऱ्या बायका हा विषय मी घेतला. लांब जायचं त्राण नव्हतं, म्हणून आईच. ती साड्यांना फॉल लावते.

आतले फोटो झाले. सुईत दोरा ओवणारे हात जवळून, खुर्चीवर चढून साड्यांचा ढीग वरून. अडलं ते मुखपृष्ठ. दारात उभ्या असलेल्या आईचा लॉंग शॉट मॅडमनी तीनदा परत केला. "कव्हर पर तो क्लोज-अपज जोईए, बेटा." कव्हरवर जवळून काढलेला चेहराच हवा, हे त्यांचं गुजरातीतलं पालुपद.

आणि आई काही जवळ येऊ देईना. मी पुढे सरकले की ती मागे. "पाय आले का? अर्धा फोटो सारू नाही लागत, बरा नाही दिसत." नुसता चेहरा फक्त हार घालायच्या फोटोत असतो, ही तिची पक्की समजूत. मी इतकी वैतागले होते की म्हटलं, तुझ्या या खुळापायी माझे मार्क जाणार. ती हातातल्या साडीची उगाच पुन्हा घडी करत राहिली.

खरं तर मला कळायला हवं होतं. बाबा गेले तेव्हा मी तिसरीत होते. त्यांचा एकट्याचा धड फोटो घरात सापडला नाही. आयकार्डावरच्या फोटोवर शिक्का होता. शेवटी आत्याच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून स्टुडिओवाल्याने त्यांचा चेहरा कापून मोठा केला. तो धूसर आला. कडेला आईच्या शालूचा खांदा तसाच राहिला, तो अजून भिंतीवर आहे.

द्यायच्या आदल्या संध्याकाळी मी कंटाळून कॅमेरा पिशवीत भरला. आई खिडकीशी येऊन बसली. चष्मा काढला, केस सारखे केले.

"ये जवळ. माझा तरी नीट काढून ठेव. नंतर तुला कापाकापी नको."

नको म्हणायला हवं होतं. पण प्रोजेक्ट उद्या द्यायचा होता. मी काढला.

खाली लिहिलं, शॉट क्लोज-अप, अँगल डोळ्यांच्या पातळीवर. 'का निवडला' ही जागा कोरीच सोडली. दोन मार्क तिथे गेले.