सूतगिरणीतला भाषांतरकार

त्यांच्या कागदांना यंत्रतेलाचा वास येई. पिशवीतून वही काढली, की ती माझ्यापुढे ठेवण्याआधी ते दोन्ही तळहात पँटीला पुसत आणि म्हणत, "पाहा मॅडम, कुठं अडकलं तर सांगा."

बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत ते फिटर होते. यंत्रं जर्मनीहून आलेली. त्यांची माहितीपुस्तकं वाचता यावीत म्हणून ते जर्मन शिकले आणि पुढे तिथल्या चिकित्सक समाजतत्त्वज्ञानाच्या नादी लागले. विवेकाचं हत्यार करता करता माणूस स्वतःच हत्यार कसा झाला, हे सांगणारा एक ग्रंथ ते मराठीत आणत होते. प्रकाशकांसाठी त्याची भाषा मी तपासत असे. मी कवितेवर वाढलेली. ओबडधोबड वाक्य मला बोटात गेलेल्या कुसळासारखं टोचे.

असे झपाटलेले लोक तुम्हीही पाहिले असतील. यांची रीत मात्र निराळी. पाळी बदलताना चहाटपरीवर ते एक परिच्छेद मोठ्याने वाचत. कामगारांना कळला नाही, तर तिथेच खोडत. एकदा कुणीतरी विचारलं म्हणे, "काका, हा जर्मनवाला आपल्याच गिरणीत होता का गा?" त्या परिच्छेदाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

त्यातच एक वाक्य होतं : माणसाला नावानं नाही, मशीनच्या नंबरानं हाक मारतात. मी ते काढून 'मानवी अस्तित्वाचे वस्तुरूपात पर्यवसान' असं घातलं. सगळी वही मी अशीच घडवली, त्यांना न विचारता.

मुद्रितं पाहायला ते आले. सावकाश चार पानं वाचली, कडा जुळवून ठेवली.

"चांगलं झालं, मॅडम. फक्त आता हे मलेच समजून नाही राहिलं."

मग ते आले नाहीत. छपाई थांबली. येतील, असं मी धरून चालले.

उन्हाळ्यात प्रकाशकांनी फोनवर ते गेल्याचं सांगितलं. हातातला कांदा मी चिरून संपवला. काही वाटलं नाही.

दहा दिवसांनी हुडकेश्वरला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी चटईवर मेथी निवडत होत्या. मी म्हटलं, त्यांनी लिहिलं तसंच, एक शब्दही न बदलता पुस्तक छापून घेते.

त्यांनी एक जुडी सोडली, पानं खुडली. मान वर न करता म्हणाल्या,

"आता?"