विळीवरचा पाय

ये गो बाय, अशी जवळ बस. लांब मुंबईला असलीस तरी माझ्या शेजारीच बसली आहेस असं धरून सांगते. फोनवर माझ्या सुनेची चौकशी करतेस ती कसली गो? आवाज इतका खाली, जसं काही घरातून कुणी गेलंय. परवा तिनंच माझ्या हातातून फोन घेतला आणि तुला सुनावलं ना, "वन्सं, माझा पाय अधू झालाय, कान नाही." सख्ख्या मावशीचं घर टाळतेस, आणि कारण काय, तर तिच्याकडे बघवत नाही. मग मी काय बघितलं ते तरी ऐक.

लग्न होऊन आली तेव्हापासून ती माझ्याबरोबर मासळी बाजारात बसायची. हात माझ्याहून चलाख. विळीच्या पाटावर डावा पाय दाबून बसली की सुरमईचे तुकडे एकसारखे पडायचे. गिऱ्हाईक चार जणींना ओलांडून हिच्यापुढे उभं राहायचं. आणि नेमका तोच पाय बधिर झाला. चालताना तोल जायला लागला, दुपारपर्यंत अंगातलं त्राणच संपायचं. मोठ्या डॉक्टरांनी तपासण्या करून नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. मी काही शिकलेली नाही, मला एवढंच कळलं की मेंदूनं पायाला धाडलेला निरोप वाटेत अडकतो. औषधं सुरू झाली, आणि व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपीवाली मुलगी घरी यायला लागली.

तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्हाला काय करता यायला हवंय?"

मला वाटलं, सून म्हणेल, चालायला. ती म्हणाली, "विळीवर बसायचंय. आणि आपलं आपण उठायचंय. कुणी ओढून न काढता."

त्या मुलीनं मान हलवली. नको म्हणाली नाही, होईल असंही म्हणाली नाही. मला म्हणाली, "आजी, यांना आंघोळीला पाणी कसं देता?"

"चांगलं कडकडीत. आधी कोमट खोबरेलानं चोळते, मग उन्हात बसवते. पायात जीव नाही म्हटल्यावर शेक नको?"

"आणि आंघोळीनंतर कशा असतात?"

आता काय सांगू. आंघोळ झाली की ती मोरीतून उठूच शकायची नाही. आम्हाला वाटायचं, आजार वाढतोय.

"या आजारात पुष्कळांना उष्णता सोसत नाही. अंग तापलं की पाय आणखी ढिले पडतात," ती म्हणाली. "पाणी साधं द्या. आणि व्यायामाआधी मानेवर गार ओला टॉवेल ठेवू."

गार! शेजारणीनं तर कपाळाला हात लावला, वात धरेल म्हणून. पण आमच्या घरात एक वेळ मीठ संपेल, बर्फ संपायचा नाही. मी उठले तशी सून मागून ओरडली, "आई, मासळीच्या पेटीतला नको हां. तो वास घेऊन बाजारात गेले तर गिऱ्हाईक माझाच भाव विचारेल."

टॉवेल ठेवला. थोड्या वेळानं जो पाय सकाळी फरशीवर घासत होता, तो उचलला गेला. जरासाच. मी दारातच थबकले, देवळात पडदा सरकला की थबकतो तशी. आजार काही गेला नव्हता. अंग तापलं की पाय पुन्हा जड व्हायचा. पण भरती आहे तोवर बोट बाहेर काढतात ना, तसं तेवढ्या वेळात काम साधून घ्यायचं.

मग त्या मुलीनं विळीच मागवली. पात्याला गोणपाट गुंडाळलं आणि म्हणाली, "पायाला कळत नसेल तर डोळ्यांनी सांगा. बघून ठेवा. दाबा. सोडा." उठायचं तेही असंच, आधी गुडघ्यांवर, हात स्टुलावर, एक पाय पुढे. सून हट्टी, "अजून एकदा" म्हणायची. ती मुलगी म्हणायची, "नाही. दमायच्या आधी थांबायचं." यावरून दोघींची रोज जुंपायची.

तुझे काका जन्मभर बोटीवर तांडेल होते, सुकाणू त्यांच्याच हातात, ते ओट्यावर बसून हे सगळं बघत असत. एकदा म्हणाले, "पावसाळा संपला की खाडीच्या तोंडाशी वाळू सरकलेली असते. जुन्या वाटेनं बोट घातलीस तर रुतणार. पाणी कुठून जातंय ते बघत बघत नवी वाट काढायची. हिचा पाय तेच करतोय."

ती फिजिओवाली मुलगी हसली. "आजोबा, हे मी आता सगळ्या पेशंटांना सांगणार."

शेवटी थंडीतल्या एका सकाळी आम्ही दोघी रिक्षानं बाजारात गेलो. ती आपल्या जागेवर बसली, पायाकडे बघून पाय पाटावर ठेवला आणि सुरमई घेतली. एक जुनं गिऱ्हाईक लगेच कुरकुरलं, "तुकडे पूर्वी पातळ करायचीस."

"पूर्वी तुम्ही घासाघीस कमी करायचात," ही म्हणाली. मान वर नाही.

तेवढी एक मासळी कापून तिनं विळी बाजूला सारली. आता उठायचं होतं. शेजारच्या बाईनं हात पुढे केला आणि तिचा चेहरा बघून मागे घेतला. आजूबाजूच्या विळ्या थांबल्या, आणि आपल्या बाजारात विळ्या कधी थांबतात का गो? ती गुडघ्यांवर आली, ओट्याच्या कडेला हात टेकला, पाय पुढे ठेवला, त्याच्याकडे नीट बघितलं. आणि उठली.

मूल पहिल्यांदा उभं राहतं तेव्हा आपण काय करतोय हे त्याला ठाऊक नसतं. हिला त्यातलं सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं मी उठतेय, बसतेय. उठणं हे एवढं मोठं काम आहे हे मला त्या दिवशी दिसलं.

दुसऱ्या दिवशी ती पडूनच होती, खोटं कशाला सांगू. आजार घरातच आहे. कधी काठी लागते, कधी बाजाराचं नावही काढत नाही. पण जाते तेव्हा टोपलीत मासळी उरली तरी दमायच्या आधी घरी येते. मासळीवालीला उरलेली टोपली घेऊन घरी येता येणं, ते मला उठण्याहून अवघड वाटतं.

तेव्हा आता फोन पुरे. ऊन चढायच्या आत ये, तुझी सुरमई तीच कापणार म्हणते. ती उठायला लागली की धावू नकोस फक्त. शेजारी बसून बघ. लवकर ये गो बाय.