पायाखालची द्राक्षं

२०२३ साल. मला त्र्याहत्तरावं लागलं होतं आणि आमची द्राक्षं घेणाऱ्या वायनरीवाल्यांनी माझा सत्कार ठरवला होता.

आमची बाग दिंडोरीच्या वर, डोंगरातल्या पठारावर. खालच्या गावात खायची द्राक्षं होतात, मोठाल्या मण्यांची. वर आमच्याकडे रात्रीची थंडी अशी, की मणी फुगतच नाही. बारीक राहतो, साल जाड, आत बिया, रंग मात्र काळाभोर. खालचे लोक हसायचे, "वर काय बोरं लावलीत का?" हसू द्या. त्याच मण्याची लाल वाईन होते. ती मी प्यायलोय, आणि चोरून नाही, ओट्यावर बसून. सरबत नव्हे ते. जिभेवर बसते, तोंड आवळून धरते, गिळली तरी चव हटत नाही. गावातल्या माळकऱ्यांनी बोलून पाहिलं. म्हटलं, माझ्या माळाची आहे, मी पिणार.

तर सत्काराला गेलो. धुतलेलं धोतर, फेटा, सोबत सूनबाई. वायनरीशी आमचा सगळा व्यवहार तीच बघते. हिरवळीवर मुंबई-पुण्याचे पाहुणे, मोठ्यानं गाणी, आणि मधोमध लाकडी टब. त्यात पाच-सहा जण पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून नाचत होते. जवळ जाऊन बघतो तर पायाखाली द्राक्षं. बारीक, काळी. शेजारी क्रेट रचलेले, त्यांवर आमच्या बागेच्या खुणेचा पिवळा पट्टा.

मॅनेजरला विचारलं, "ही माझी ना?"

"हो आजोबा, तुमचीच. लोकांना फार मजा येते."

"याची वाईन करणार?"

"छे छे! पाय लागलेत. हे फेकायचं."

आमच्यात खळ्यात शिरताना चपला बाहेर काढतात. बागेत घड पडला तर ओलांडत नाहीत, उचलतात. मी म्हटलं, "थांबवा हे."

सूनबाई कानाशी आली. "नाना, सगळे बघतायत. आणि खळ्यात बैल फिरायचे ते काय डोक्यानं?"

"पायानंच फिरायचे. पण ते धान्य घरात यायचं, उकिरड्यावर नाय."

"पुढच्या सालचा करार ह्याच माणसाच्या हातात हाय. त्यानं नाय घेतली तर ही द्राक्षं बाजारात कुत्रं खात नाय!"

"नको खाऊ दे."

मॅनेजर शाल घेऊन आला. "चला आजोबा, स्टेजवर."

"आधी टब. मग शाल."

"अहो, चार क्रेटनं काय होतंय? आणि वजन झालंय, माल आता आमचा आहे."

"पाय लागलेली तुम्ही पाहुण्याला पाजत नाय. मग मला का बघायला लावता?"

टबातली एक बाई नाचायची थांबली. बाकीच्यांचं चालूच होतं. न तुडवलेले दोन क्रेट उरले होते. त्यातला एक मी उचलला. ह्या वयात भरला क्रेट उचलतो का, अशी कोणाला शंका असेल तर त्यानं तोडणीला यावं. नेऊन पिकअपमध्ये ठेवला. दुसऱ्यासाठी वळलो तर तो सूनबाईच घेऊन येत होती, चेहरा रागानं लाल झालेला.

"बसा गाडीत," एवढंच बोलली.

मॅनेजर मागून ओरडला, "आजोबा, तो आमचा माल आहे!"

"हाय ना. सकाळी देतो."

घाट चढल्यावर सूनबाई म्हणाली, "करार गेला तर ती बाग काय चघळायची?"

"चघळू. मला अजून दात हायेत."

ती हसली नाही. मीही माघार घेतली नाही. घरी आल्यावर दोन्ही क्रेट तिनंच ओट्यावर थंडीला ठेवले, वर फडकं टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वायनरीच्या फाटकाशी उभे. मॅनेजर आला, क्रेट बघितले, मला बघितलं.

"अजून रागावलात?"

"हो."

"आणि कराराचं?"

"ते सूनबाईशी बोला. मला वाईनसाठी द्राक्षं चुरायचं मशीन दाखवा."

तो पुढे चालू लागला. आत मशीन सुरू होतं, दुसऱ्या कोणाची तरी द्राक्षं पट्ट्यावरून जात होती. ती संपेपर्यंत थांबलो. मग चपला काढल्या आणि दोन्ही क्रेट माझ्या हातानं मशीनच्या तोंडात ओतले.