गणपतमामा खरं सांगतात

शाहूपुरीतल्या एका मूत्ररोगाच्या दवाखान्यात गणपतमामा बावीस वर्षं वॉर्डबॉय आहेत. नावाला बॉय, मिशा पिकल्यात, आणि आवाज असा की खालून बोलले तर तिसऱ्या मजल्यावरचा पेशंट उठून बसतो. पुरुषांच्या मूत्राशयाची दुर्बिणीतून तपासणी असली की टेबलावर जाण्याआधी माणूस मामांच्या हातातून जातो. याचा मामांना कोण अभिमान!

पहिली अठरा वर्षं ते सगळ्यांना एकच सांगायचे, "काय न्हाय ओ पावणं, मुंगी चावल्यागत." मग मामांच्याच लघवीतून रक्त गेलं आणि ते त्याच टेबलावर आडवे झाले. मुंगी? कसली डोंबलाची मुंगी! त्या दिवसापासून मामांनी थापा मारणं बंद केलं.

परवा जयसिंगपूरचे रुद्राप्पा आले. साठीचे व्यापारी. लघवीतून रक्त जातंय, आणि दोनदा दारापर्यंत येऊन पळालेले. डॉक्टर मामांना हळूच म्हणाले, "आज गेले तर परत यायचे नाहीत. आत काही वाढत असेल तर उशीर महागात पडेल."

सोबत बारा माणसं! आपल्याकडं दवाखान्यात कुणी एकटा येईल तर शपथ. बारा तोंडं ओरडतायत, "अण्णा, वाघ हाय तुमी, वाघ!" आता एवढ्यांपुढं वाघानं भ्यालोय म्हणायचं कसं? मग वाघ पळतो.

मामांनी आधी बाराच्या बारा मिसळ खायला हाकलले. मग रुद्राप्पांशेजारी बसले.

"अण्णा, दुखतंय. आदी लघवीच्या वाटंत गार जेली घालत्यात, झोंबतंय, मग सुन्न हुतंय. बारीक, लवणारी नळी, टोकाला कॅमेरा. आत पाणी सोडलं की जोराची लागल्यागत वाटतंय, लाजू नका. मदी एक अवघड वळण हाय. तितं धा आकडं मोजूस्तोवर कळ. तवा अंग ढिलं सोडायचं, पायाची बोटं हलवायची. धा मिनिटांत मोकळं. मग दोन दिस जळजळ, लघवी जरा गुलाबी. पाणी पीत ऱ्हायचं. ताप आला, रक्ताच्या गाठी पडल्या, न्हाईतर लघवी तुंबली, तर तडक हितं यायचं."

"तुमाला काय म्हाईत?"

"मी झोपलोय की त्या टेबलावर."

रुद्राप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मला भ्या वाटतंय वो."

"मलाबी वाटलंतं. चला."

आत मामांनी त्यांचा हात धरला आणि मोठ्यानं आकडे मोजले. आठाला रुद्राप्पांनी बोटं अशी आवळली की मामाच कळवळले. पण माणूस हलला नाही. डॉक्टरांना एका कोपऱ्यात शेंगदाण्याएवढी गाठ दिसली. वेळेत सापडली, दुर्बिणीतूनच काढू म्हणाले.

बाहेर मंडळी मिसळ खाऊन हजर. "अण्णा, काय दुखलं न्हाय न्हवं?"

रुद्राप्पांनी सगळ्यांकडं बघितलं. "दुखलं. भ्यालोबी हुतो. पर झोपलो."

मामांची छाती फुगली. बावीस वर्षांत चारचौघांत असं बोललेला हा पहिला गडी, आणि तो त्यांच्या हातातून गेलेला!

मंडळी अण्णांना घेऊन निघाली. त्यातला कृष्णात नावाचा एक दांडगा माणूस मात्र दाराशी घुटमळला. "मामा, चार म्हैनं झालं. मलाबी लाल जातंय. घरात कुणाला सांगितल्यालं न्हाय."

मामांनी जिन्यातून हाक मारली, "ए, च्या पिऊन या रं सगळी!" मग खुर्ची पुढं ओढली.

"बस. दुखतंय, आदीच सांगतो."