आत्याने घासलेले सागरगोटे

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या लायब्ररीत होते. बाबा एवढंच म्हणाले, "घरी ये... आत्या गेली." कामावरच तिच्या छातीत कळ आली होती. त्याला आता पाच आठवडे झाले. तिच्याबद्दल लिहायला बसते आणि दर वेळी आधी माझं खोटं आठवतं. म्हणून तेच सांगते.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नवरा लवकर वारला, तेव्हापासून ती मदन महल भागात आमच्याकडेच राहायची. रोज सकाळी भेडाघाटला जायची, मूर्तींच्या एका दुकानात संगमरवर घासायला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टसाठी तीन पिढ्यांच्या माणसांना विचारायचं होतं, लहानपणी काय खेळलात? आई म्हणाली, लंगडी. धाकट्या भावाने मोबाईल पुढे केला. आत्या त्याच्या खांद्यावरून बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "छान आहे रे. पण याच्यात बाजूले कोन बसते?" ती स्वतः नवव्या वर्षी कामाला लागली होती. जेवणाच्या सुट्टीत दुकानामागे पोरी दगडाच्या तुकड्यांनी सागरगोटे खेळायच्या. तिने पाच तुकडे जमिनीवर टाकले, एक वर उडवला आणि तो खाली यायच्या आत बाकीचे चारही उचलले. मी व्हिडिओ काढला.

वर्गात तो लावला तेव्हा सगळ्या मुली पुढे वाकून बघत होत्या. मला मात्र तिची भेगाळलेली बोटं दिसत होती, नखांतली पांढरी भुकटी, गालात धरलेला तंबाखूचा खर्रा. शेजारच्या मैत्रिणीने विचारलं, "कौन हैं ये?" मी म्हणाले, "भेड़ाघाट में काम करती हैं।" मॅडमना खेळ इतका आवडला की म्हणाल्या, खेळांच्या दिवशी त्यांना बोलव, मुलींना शिकवतील.

आनंदाच्या भरात मी हे घरी सांगून बसले. मग आत्या रोज पदरात दगडाचे तुकडे बांधून आणू लागली. कुणाच्या हाताला टोचू नयेत म्हणून संध्याकाळी ते घासून गोल करायची. "का वं, किती पोरी आहेत तुमच्या वर्गात?" मी म्हणाले, बावीस. "म्हणजे बावीस पंचे एकशे दहा." बाबा चिडवायचे, "दीदी, तू तर प्रोफेसर होऊन राहिली!" "चूप रे," म्हणायची, पण हात थांबायचा नाही. साडीही तिने काढून ठेवली होती, इस्त्री करून.

आदल्या दिवशी मी तिला सांगितलं, कार्यक्रम रद्द झाला.

"अच्छा..." ती म्हणाली. "चलो. गोटे तरी घेऊन जा. पुढे कधी होईल."

मी पिशवी घेऊन गेले. मॅडमना सांगितलं, त्यांची तब्येत बरी नाही. मुली आत्याच्याच गोट्यांनी खेळल्या, हसल्या, कुणीतरी स्टेटसला व्हिडिओ टाकला. भावाने तो माझ्या फोनवर बघितला आणि तिला दाखवला. रात्री जेवताना ती माझ्याशेजारी येऊन बसली. आता बोलेल, रागावेल, म्हणून मी ताटात बघत राहिले. ती म्हणाली, "ते निळ्या ड्रेसवाली पोरगी मनगट कडक ठेवून राहिली. तिले सांग, सैल ठेव म्हणा." एवढंच. त्यानंतर ती तीन महिने जगली. तिची माफी मागायला रोज वेळ होता... मी मागितली नाही.

मागच्या रविवारी वर्गातल्या दोघी घरी आल्या, आत्याच्या खोलीत अभ्यासाला बसलो. दाराजवळ सिमेंटच्या जमिनीत तळहाताएवढा पांढरट खळगा पडलाय. एकीने त्यावरून बोट फिरवलं. "ये निशान कैसा है?"

"मेरी बुआ यहाँ पत्थर घिसती थीं," मी म्हणाले. "तुम लोगों के लिए।"

"बुआ?" तिने माझ्याकडे बघितलं. "वो... वीडियो वाली?"

मी हो म्हणाले. तिचं बोट त्या खळग्यातच थांबलं होतं, आणि मला मान वर करता येईना.