जहराच्या पुढे होल्यांची शिकार

मंडळी, आज दुपारी धाकटा भाऊ इम्रान फोनवर जे बोलला, ते सांगतो.

एक्याण्णवचा सप्टेंबर. युद्धानंतर आम्ही नुकतेच कुवेतला परतलो होतो. होल्यांच्या, म्हणजे रानकबुतरांसारख्या पक्ष्यांच्या, शिकारीचा हंगाम सुरू झाला, त्या पहिल्याच दिवशी अब्बांचे कुवेती दोस्त अबू नासर आम्हाला जहरा शहराच्या पुढे वाळवंटात घेऊन गेले. तेलविहिरींच्या धुरानं सकाळीच दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं.

अब्बांनी टिपलेला होला लांब पडला. इम्रान तिकडे धावला.

“इम्रान, रुक! हिलना मत!” अबू नासर किंचाळले. इम्रानच्या पुढ्यात वाळूतून सुरुंग डोकावत होता.

स्वतःच्याच पावलांच्या ठशांवर पाय ठेवत तो परतला.

आज म्हणाला, “भाई, मी होल्यासाठी धावलोच नव्हतो. सुरुंगाच्या पलीकडून तू हाक मारली होतीस.”

मी तर त्याच्या मागे, अब्बांजवळ गप्प उभा होतो.