शाळेचं आढं

सटवाजीमामा वेळू बघत कमी आणि ऐकत जास्त. नखानं दोन टिचक्या मारायच्या, कांडाला कान लावायचा, डोळे मिटायचे. "कच्चा हाय ह्यो," म्हणून बाजूला ठेवायचा. बोरीजवळच्या आमच्या गावात तेव्हा त्यांच्या कानाची परवानगी घेतल्याशिवाय कुणाचं छप्पर उभं राहत नसे.

वेळू तोडायचा तो तीन वर्षांचा, आणि अंधाऱ्या पक्षातच. मग महिनाभर ओढ्याच्या डोहात दगडांखाली दाबायचा आणि सावलीत उभा करून वाळवायचा. डोहातून काढलेल्या वेळवांना असा वास यायचा की अख्खी गल्ली त्यांच्या नावानं शंख करी. मामा हसत. "वेळूतली गोडी पाण्यानं न्हाई काढली, तर कीड काढती," म्हणत.

मी तिथं शाळेत गुरुजी होतो. दुसऱ्या वर्गाला छप्पर हवं होतं आणि पंधरा दिवसांत तपासणीचे साहेब येणार होते. मामा म्हणाले, "चांदणं वाढायलाय गुरुजी. आता वेळूत लय रस हाय. दोन म्हैने थांबा."

मी कसला थांबतो! नवी नोकरी, साहेबांची धास्ती. "विज्ञान वेगळं सांगतं, मामा," असं ठोकून दिलं. विज्ञान काय सांगतं हे मलाही ठाऊक नव्हतं. त्यांनी निमूट वेळू तोडले. कुणी पळवू नयेत म्हणून मी एकेकावर डांबरानं 'शाळा' लिहिलं. साहेब खूश होऊन गेले.

माघात पोरांच्या पाट्यांवर पिवळसर पीठ पडू लागलं. पुसलं की तासाभरात पुन्हा. वर्ग गप्प झाला की छपरातून बारीक कुरकुर यायची, आणि शिकवताना माझे डोळे सारखे वर जायचे. शेवटी मामांना बोलावलं. टेबलावर चढून त्यांनी आढ्याला, छपराचा सारा भार पेलणाऱ्या मधल्या वेळूला, कान लावला. बराच वेळ तसेच उभे होते.

"तुमीच ऐका गुरुजी," ते हळूच म्हणाले. "मला आताशा बारीक ऐकू येईना. कुणाला सांगू नगा."

मी कान लावला. आत कीड सारखी कुरतडत होती.

"रैवारी चावी द्या. आढं बदलतो. पोरं बसतेत खाली."

सोमवारी वर धुरानं काळं झालेलं, टणक आढं होतं. कुठून आणलं विचारलं, तर म्हणाले, "हुतं एक मुरलेलं." मी पुढं काही विचारलं नाही. आपण सुटलो, एवढंच मला वाटलं.

वैशाखात सकाळची शाळा सुटायच्या बेताला वादळ आलं. छप्पर हादरलं, कोपऱ्यातले दोन वासे मोडून पडले, पोरं किंचाळत मला बिलगली. आढं जागचं हललं नाही. वारा पडल्यावर पोरांना घरी पोचवत होतो, तोच वेशीकडून ओरडा ऐकू आला.

मामांचं खोपट बसलं होतं. एकटा जीव, उन्हाचा आडवा झाला होता. गवत आणि छपरावरचे दगड बाजूला केले तेव्हा सगळं संपलेलं होतं. त्यांच्या छातीवर आतून पीठ झालेला तुटका वेळू पडला होता. त्यावर डांबरानं 'शाळा' लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात.

शेजारची गंगूबाई रडत सांगत होती, "आपल्या घराचं आढं काढून शाळंला दिलं, अन् हे किडकं इथं घातलं. म्या म्हनलं, पडंल की हो. तर म्हनले, पडायच्या आधी वेळू बोलतो गंगू, मला ऐकू येतंय."

त्यांना ऐकू येत नाही, हे गावात फक्त मला ठाऊक होतं.